वस्तीला बगिचा किती लागतो?

मोकळ्या जागा, बगिचे आणि मैदानं यांबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताई नागपुरात नगररचनेच्या कामातून निवृत्त झाल्या आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो आणि हुडकेश्वर रस्त्यावरच्या एका लेआउटमध्ये राहतो. आमची घरं तीनशेच्या आसपास. लेआउटमध्ये १८ हजार चौरस फुटांची मोकळी जागा सोडलेली आहे. सध्या तिथं गाजरगवत आणि बांधकामाचा मलबा. मागे नाल्याला लागून मजुरांची वस्ती आहे, त्यांची ये-जा याच जागेतून असते. निधी मिळण्याची शक्यता दिसते आहे, पण ‘काय हवं ते लेखी द्या आणि गरज दाखवा’ असं आम्हाला सांगण्यात आलं. तेव्हापासून बैठकीत एकमत होईना. ज्येष्ठांना चालायला ट्रॅक आणि ग्रीन जिम पाहिजे, पोट्ट्यांना क्रिकेट पाहिजे, काही जण म्हणतात समाजभवन बांधा आणि त्याला लागून मंदिर. एकाने माणशी नऊ चौरस मीटर हिरव्या जागेचा जागतिक नियम आहे असं सांगितलं. गरज दाखवायची म्हणजे काय दाखवायचं?
एक निवृत्त शिक्षक, हुडकेश्वर रस्ता

उत्तर : गुरुजी, तुम्हाला गरज दाखवायला सांगितलं हे फार चांगलं झालं. एरवी वस्त्यांच्या अर्जात असते ती सामानाची यादी: ग्रीन जिम, पेव्हर ब्लॉक, कारंजं, प्रवेशद्वाराला कमान. गरज माणसांची असते. ती माणसं कोण, किती वाजता येणार, कुठून चालत येणार आणि आज ती काय करतात, एवढं तुम्ही कागदावर मांडलंत तर तुमचा अर्ज गठ्ठ्यात हरवणार नाही.

आधी आकड्याचं बघू. नऊ चौरस मीटरचा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने सगळीकडे फिरतो. त्यावर भांडत बसू नका, कारण आपल्या कामाचे आकडे आपल्याच देशाच्या कागदात आहेत. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत शहरासाठी माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे. तिथंच बगिच्यांची उतरंडही दिली आहे. पाच हजार वस्तीला अर्धा हेक्टर, १५ हजारांना एक हेक्टर, एक लाखाला पाच हेक्टर, पाच लाखांना २५ हेक्टर. तुमचे १८ हजार चौरस फूट म्हणजे १,६७२ चौरस मीटर, हेक्टरचा जेमतेम सहावा हिस्सा. तीनशे घरं, घरटी चार माणसं धरली तर माणशी १.४ चौरस मीटर पडतात. मागच्या वस्तीतली पाचशे माणसं मिळवलीत की तो आकडा एकावर येतो. ती मिळवायचीच, कारण आज त्या जागेतून सर्वांत जास्त पावलं त्यांचीच पडतात.

हाच हिशेब अख्ख्या शहराला लावून बघा. २०११ च्या जनगणनेत नागपूर महापालिकेची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती. माणशी १० चौरस मीटर म्हणजे २४ चौरस किलोमीटर. शहराचं क्षेत्र सव्वादोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दहाव्या हिश्शाहून जास्त जमीन मोकळी हवी. नकाशात अंबाझरी, फुटाळा, तेलंगखेडी, सेमिनरी हिल्स, महाराजबाग, गोरेवाडा हे सगळं हिरव्या रंगात दिसतं आणि बघणाऱ्याला वाटतं, नागपूरला काय कमी आहे! मी स्वतः हा हिरवा रंग वर्षानुवर्षं भरला. पण यातलं बहुतेक पश्चिमेला आणि उत्तर-पश्चिमेला आहे. सरासरी काढली की पारडीच्या पोराच्या खात्यावर सेमिनरी हिल्सचा तुकडा जमा होतो, आणि त्या पोराला तिथं जायचं तर अख्खं शहर ओलांडावं लागतं. सरासरीवर बगिचे वाटणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

म्हणून तुमच्या अर्जाची सुरुवात अंतरापासून करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१७ मध्ये एक साधी कसोटी दिली आहे: घरापासून ३०० मीटरच्या आत, पाच मिनिटं चालत, निदान अर्धा ते एक हेक्टर हिरवी सार्वजनिक जागा असावी. लेआउटच्या नकाशाची झेरॉक्स घ्या आणि आसपासचे बगिचे, मैदानं, शाळेची पटांगणं त्यावर मांडा. बगिच्याच्या मधोमध खूण करू नका, जिथून आत जाता येतं त्या फाटकावर करा. मग प्रत्यक्ष चाला. एखाद्या आजींना आणि पहिलीतल्या मुलाला सोबत घेऊन चाला. नकाशावर ३०० मीटर दिसणारा बगिचा नाल्याच्या पलीकडे असेल आणि पूल दूर असेल, तर तो तुमच्या वस्तीसाठी नाहीच. मध्ये रिंग रोड असेल आणि संध्याकाळी तो ओलांडताना आजी दुभाजकावर अडकत असतील, तर तोही नाही. हे सगळं नकाशावर लाल पेनाने लिहा. तुमची निम्मी गरज इथंच सिद्ध होईल.

पुढची पायरी मोजणीची. जवळचा जो बगिचा चालू आहे तिथं जाऊन माणसं मोजा. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००६ मध्ये सोपार्क नावाची पद्धत मांडली. ती इतकी सोपी आहे की तुमचे आठवीतले विद्यार्थीही करतील. बगिच्याचे भाग पाडायचे. ठरलेल्या वेळी प्रत्येक भागावरून डावीकडून उजवीकडे एकदा नजर फिरवायची आणि त्या क्षणी जो दिसेल त्याची रेघ ओढायची. बाई की पुरुष; लहान मूल, किशोर, मोठं माणूस की म्हातारं; बसलेलं, चालणारं की घाम गाळणारं. सकाळी सहा, दुपारी अकरा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री आठ, अशा चार वेळा घ्या. एक-दोन कामाचे दिवस आणि एक रविवार एवढं पुरे. वहीत पान भरलं की कुठला रकाना रिकामा राहिला ते बघा. माझ्या अनुभवात दोन रकाने हमखास रिकामे राहतात: दहा-बारा वर्षांपुढच्या मुली, आणि सकाळच्या वेळी घरकाम करणाऱ्या बाया.

मोजायला जाल तेव्हा सावलीही मोजा, ही माझी कळकळीची विनंती. हे नागपूर आहे. २३ मे २०१३ ला इथं पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मार्चच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत उघड्या बगिच्याला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी साडेसहाच्या नंतरच अर्थ असतो. पूर्व नागपुरातल्या एका बगिच्यात मी एप्रिलमधल्या संध्याकाळी वही घेऊन बसले होते. ग्रीन जिमची यंत्रं अगदी नवी, ऊन थेट त्यांच्यावर. एक बाई आल्या, हँडलला हात लावला आणि चटका बसला म्हणून मागे घेतला. मग पदराचं टोक हँडलला गुंडाळून त्यांनी दोन-तीन झोके घेतले आणि निघून गेल्या. अख्ख्या बगिच्याला सावली एकाच करंजाची, आणि तो करंज कुंपणाबाहेर. बगिच्यात आलेली माणसं फाटकातून बाहेर पडून त्या करंजाखाली, फुटपाथच्या कडेवर बसली होती. मी त्यांना कुठल्या रकान्यात लिहावं? ती बगिच्यात यायला निघालेली माणसं होती. मी वेगळा रकाना केला. तुम्हीही करा, आणि त्याला ‘फाटकाबाहेर’ असं नाव द्या.

आता घरोघरी विचारण्याचं. ‘बगिचा हवा का?’ असं विचारलं तर सगळे हो म्हणणार, त्यातून काही कळत नाही. ‘काल संध्याकाळी पाच ते आठ तुमच्या घरातलं कोण कुठे होतं?’ एवढंच विचारा आणि उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या. सासूबाई गच्चीवर फेऱ्या मारत होत्या, कारण रस्त्यावर कुत्र्यांची भीती. मुलगा कोचिंगला. मुलगी घरी, मोबाइलवर. सून दळण आणायला गेली ती तिथंच मैत्रिणीशी उभ्या उभ्या बोलत होती. मागच्या वस्तीतली लेकरं तुमच्याच मलब्यावर खेळत होती. या प्रत्येक उत्तरात एक गरज आहे आणि ती ग्रीन जिमच्या यादीत सापडत नाही. बाईने विचारलेलं चांगलं, आणि पुरुष समोर नसताना विचारलेलं आणखी चांगलं. भिशीत, हळदीकुंकवात, शाळेच्या ऑटोची वाट बघणाऱ्या आयांमध्ये विचारा. तुमच्या पत्रात ज्येष्ठांचं, पोरांचं, समाजभवनवाल्यांचं म्हणणं आलं आहे. बायकांचं आलेलं नाही. मागच्या वस्तीचंही नाही.

हे हाती आलं की जागेचा हिशेब मांडा. चौकोनी धरली तर तुमची जागा एका बाजूने ४१ मीटर भरते. यात क्रिकेट बसत नाही. चेंडू पहिल्याच षटकात कुणाच्या तरी खिडकीत जाणार. पोरांना हे फीत लावून दाखवा, ती समजून घेतात. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर आणि व्हॉलीबॉलचं १८ बाय ९ मीटर लागतं, म्हणजे दोन्ही एकाच पट्ट्यात आलटून पालटून खेळता येतील. कुंपणापासून तीन मीटर आत चालायची वाट काढलीत तर एक फेरी १४० मीटरची होते, सात फेऱ्यांत किलोमीटर. एका कोपऱ्यात लहान मुलांसाठी रेती आणि झोपाळे, आणि त्यांच्या आया बसतील तिथून रेती दिसली पाहिजे. क्रिकेटसाठी जवळच्या शाळेचं पटांगण सुटीनंतर उघडून घेता येईल का, याची बोलणी तुमच्याइतकी चांगली कोण करणार?

झाडं आधी, बाकी सगळं नंतर. पहिल्या पावसात पश्चिमेच्या कडेला कडुनिंब आणि करंज लावा म्हणजे संध्याकाळचं तिरपं ऊन अडेल. लॉनचा मोह टाळा, उन्हाळ्यात ती जगवताना नाकी नऊ येतात. तुमच्या भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर घाईने बसवलेले पेव्हर ब्लॉक दोन पावसाळ्यांत वर-खाली होतात. म्हाताऱ्या माणसाचा पाय तिथंच मुरगळतो. खाली मुरमाचा चांगला थर, दाबून, आणि पाणी निघून जायला उतार, यासाठी पैसे राखून ठेवा, कारंज्याचा विषय निघाला तरी.

समाजभवन आणि मंदिराचं स्पष्टच सांगते. लेआउट मंजूर करताना खुली म्हणून सोडलेली जागा खुलीच राहायला हवी. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या विकासात दहा टक्के मनोरंजनासाठी खुली सोडावी लागते, ती याचसाठी. बंगळुरूत बगिच्यासाठी राखलेली जागा एका खासगी रुग्णालयाला देण्यात आली होती, तेव्हा १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप टिकू दिलं नाही. रुग्णालयाचीही लोकांना गरज असतेच, पण बगिच्याची जागा त्यासाठी नव्हती. बैठकीत हे उदाहरण सांगा, कुणाच्या श्रद्धेला न दुखवता सांगा.

अर्जाआधी तीन कागद हाताशी हवेत: मंजूर अभिन्यासाचा, म्हणजे लेआउटचा, नकाशा, जागेचा सातबारा किंवा आखीव पत्रिका, आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा. हुडकेश्वर-नरसाळा भाग महापालिकेत २०१३ मध्ये आला, त्याआधीचे कागद दुसऱ्या कार्यालयात असू शकतात. नागपुरात गुंठेवारीतली, म्हणजे मंजुरीविना तुकडे पाडून विकलेली, लेआउट्सही पुष्कळ आहेत आणि तिथं खुली जागा नकाशात एक आणि जमिनीवर दुसरीच निघते. निधी येण्याआधी मोजणी करून घ्या, नाहीतर कुंपण घालायच्या दिवशी शेजारचा प्लॉटमालक कागद घेऊन उभा राहील. आणि अर्जाच्या शेवटी एक ओळ जरूर लिहा: फाटक कोण उघडणार, पाणी कुठून येणार, दिव्याचं बिल कोण भरणार.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे, पारडीकडे राहते. आमच्या जवळच्या बगिच्यात झोपाळ्यावर ‘१२ वर्षांखालील मुलांसाठी’ अशी पाटी आहे. बाकवर काका लोक असतात. मोकळ्या जागेत मुलं क्रिकेट खेळतात. मी आणि माझ्या मैत्रिणी बाहेर गाडीवर बसून बोलतो, मग कुणीतरी घरी जाऊन सांगतं. आमच्यासाठी बगिच्यात काय असायला पाहिजे, ते कुणी विचारतच नाही.
एक विद्यार्थिनी

उत्तर : बेटा, मी विचारते. तू आणि तुझ्या मैत्रिणी मिळून मला लिहा.

तोवर तुला एक खरी गोष्ट सांगते. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना इथं १९९० च्या दशकात बगिच्यांतली मुलं मोजली गेली. नऊ-दहा वर्षांपर्यंत मुली-मुलगे सारखेच येत, त्यापुढे मुली दिसेनाशा होत. मुलींना खेळायला आवडत नाही असं कुणीही सहज म्हणून मोकळं झालं असतं. तिथल्या नियोजनकारांनी ते मान्य केलं नाही. त्यांना दिसलं की मधलं मोठं मैदान एकच आहे, त्यावर मुलगे आधी पोहोचतात आणि मुली मागे हटतात. १९९९ पासून त्यांनी शहराच्या पाचव्या विभागातल्या दोन बगिच्यांची रचना बदलली. वाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनची मैदानं केली, एका मोठ्या मोकळ्या जागेचे झाडाझुडपांनी लहान लहान भाग पाडले. मुली परत आल्या आणि त्यांना कुणी हुसकावून लावलं नाही.

तुमच्या बगिच्यात यातलं पुष्कळ थोड्या खर्चात होईल. समोरासमोर बसता येईल असे दोन बाक, म्हणजे पाच-सहा जणींना गोल करून बसता येतं. सरळ रांगेतला बाक दोघांपुरता असतो. बॅडमिंटनची जाळी बांधायला दोन खांब. दिवा असा की रात्री आठलाही चेहरा ओळखू यावा. स्वच्छ, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह; हे नसलं तर मुली अर्ध्या तासात घरी परततात आणि लोकांना वाटतं त्यांना यायचंच नव्हतं. आणखी एक, बगिच्याला दुसरं फाटक हवं. एकच फाटक असलं आणि तिथं टोळकं उभं असलं की आत जाणं नको वाटतं. हे मी तुला सांगायची गरज नाही.

तुम्ही बाहेर गाडीवर बसता, तीही नोंद आहे. कुठे बसता, किती वाजेपर्यंत, आणि तिथंच का, हे लिहून पाठव. जागेची गरज दाखवणारा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही. आणि घरी जाऊन सांगणाऱ्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. शहरातल्या मोकळ्या जागेवर तुझाही हक्क आहे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरांनी पाहायच्या कामांमध्ये बगिचे आणि क्रीडांगणं लिहिलेली आहेत, आणि तिथं वयाची अट नाही.

प्रश्न : आमच्याजवळच्या बगिच्याचं काम झाल्यावर प्रवेशाला तिकीट लावलं. बगिचा सुंदर झाला आहे हे खरं. मग वस्तीची बगिच्याची गरज भागली असं धरायचं का?
एक गृहिणी, नंदनवन

उत्तर : ताई, तुम्ही रोज जाता का? हेच विचारायचं. चौघांच्या घराला रोजचं तिकीट महिन्याला किती होतं ते मांडा, म्हणजे रोज संध्याकाळी कोण येणं शक्य आहे आणि कोण फक्त वाढदिवसाला येणार ते कळेल. सहलीचा बगिचा आणि रोजचा बगिचा ही दोन वेगळी कामं आहेत. सहलीच्या बगिच्याला तिकीट समजू शकतं. रोजच्या बगिच्याला निदान सकाळ-संध्याकाळच्या चालण्याच्या वेळा मोफत असाव्यात, अशी लेखी मागणी करा. तिकीट लागण्याआधीची आणि नंतरची गर्दी आठवून शेजारणींनी सह्यांनिशी लिहिलं तरी ते उपयोगी पडेल.

प्रश्न : २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आमच्या घरात छातीपर्यंत पाणी आलं होतं. आता नदीकाठी बगिचा करावा अशी चर्चा काही जण करतात. माझं मन धजत नाही. तुम्हाला काय वाटतं?
अंबाझरी लेआउटजवळचे एक वाचक

उत्तर : दादा, तुमची भीती मला समजते. त्या रात्री १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीने वाट मिळेल तिकडे धाव घेतली. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना नदीकाठच्या कुठल्याही कामाची धास्ती वाटणारच.

तरीही मी म्हणेन, नदीकाठी बगिचा व्हावा, पण पाणी पोटात घेणारा. जलसंपदा विभाग नदीला दोन पूररेषा आखतो: २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदी आणि निळी रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात बांधकाम करायचं नसतं. शेती, बगिचा, मैदान असे खुले वापर चालतात. म्हणजे हा पट्टा मोकळा राहावा आणि त्यावर कुणाचा डोळा जाऊ नये, यासाठी बगिचा हे उत्तम निमित्त आहे. अट एवढीच की भर घालून जमीन उंच करायची नाही, नदीकडे सिमेंटची भिंत उभारायची नाही, दुकानं आणि पक्की बांधकामं आत येऊ द्यायची नाहीत. जमीन नदीकडे उतरती ठेवायची, वर्षातून दोन-चार दिवस तिथं पाणी उभं राहणार हे गृहीत धरायचं, आणि पाणी ओसरलं की गाळ काढून पुन्हा उघडायचं. खेळणी आणि विजेचे खांब वरच्या टप्प्यावर. बगिच्याचा नकाशा तुमच्यासमोर आला की पहिला प्रश्न जमिनीच्या पातळीचा विचारा: आज किती आहे आणि काम झाल्यावर किती असेल. उत्तर मीटरमध्ये मागा. पातळी वाढत असेल तर विरोध करा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

प्रश्न : वाठोड्याकडे फ्लॅट घेताना शेजारच्या जमिनीवर विकास आराखड्यात खेळाच्या मैदानाचं आरक्षण असल्याचं पाहिलं होतं, म्हणूनच घेतला. इतकी वर्षं झाली, तिथं अजून शेतच आहे. आता ऐकतो की आरक्षण उठणार. असं होऊ शकतं का? आम्ही काय करावं?
एक बँक कर्मचारी

उत्तर : भाऊ, होऊ शकतं. आरक्षण म्हणजे मैदान नव्हे, तो जमीन घेण्याचा इरादा असतो. राज्याच्या १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम १२७ वाचा. आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण संपतं आणि आसपासच्या जमिनीला जो वापर लागू आहे तो त्या जमिनीला लागू होतो. तुमच्याकडे तो बहुधा निवासीच असेल. मालकाला दोष देऊ नका. त्याची जमीन वर्षानुवर्षं अडकून पडते, विकता येत नाही आणि मोबदलाही मिळत नाही. त्याच्यावरही अन्याय होतो.

नागपूरचा सुधारित आराखडा जानेवारी २००० मध्ये मंजूर झाला. कायद्याप्रमाणे वीस वर्षांतून निदान एकदा आराखड्याची फेरतपासणी करायची असते. त्यामुळे जुन्या आरक्षणांचा प्रश्न फक्त तुमच्या वस्तीचा नाही, अख्ख्या शहराच्या मैदानांचा आहे, आणि जी वस्ती गप्प बसेल तिचं मैदान आधी जाईल.

तुम्ही आधी दोन गोष्टी माहितीच्या अधिकारात मागा: त्या आरक्षणावर कलम १२७ ची नोटीस आली आहे का, आली असल्यास कोणत्या तारखेला, आणि संपादनाची फाइल आज कुठे आहे. नोटीस आली असेल तर २४ महिन्यांचं घड्याळ चालू झालेलं असतं. त्या मुदतीतच नगरसेवक, आमदार आणि आयुक्तांकडे पाठपुरावा करा, अंदाजपत्रकात तरतुदीची मागणी करा. रोख पैसा नसला तर मालकाला मोबदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊनही जमीन ताब्यात घेता येते, आणि पुष्कळदा मालक त्याला तयार असतो. त्याच्याशी एकदा घरी जाऊन बोला. वस्ती आणि मालक एका बाजूला आले की भिजत पडलेलं घोंगडं हलतं.

फेरतपासणीचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की कलम २६ प्रमाणे हरकती आणि सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. तीस दिवस फार थोडे, म्हणून मजकूर आजच तयार ठेवा. नुसतं ‘मैदान कायम ठेवावे’ असं लिहून भागत नाही. वर गुरुजींना जे सांगितलं तेच तुमच्या वस्तीत करा: तीनशे मीटरचं अंतर, मोजणीची पानं, काल संध्याकाळी कोण कुठे होतं याची उत्तरं. ते हरकतीला जोडा. एका हरकतीवर दोनशे सह्या घेण्याऐवजी दोनशे घरांनी आपापल्या शब्दांत वेगळी हरकत द्यावी, प्रत्येकाने स्वतःच्या सुनावणीला हजर राहावं. नियोजन समितीपुढे चौथीतल्या मुलाची आई स्वतः उभी राहून सांगते तेव्हा समिती ऐकते, हे मी सुनावण्यांच्या खोलीत बसून पाहिलं आहे. हरकतीवर मौज्याचं नाव, खसरा क्रमांक आणि आरक्षणाचा क्रमांक तिन्ही लिहा, पोच शिक्क्यासकट घ्या आणि सुनावणीला ती पोच सोबत न्या.